मिठाच्या खात्यातला साहेब

आमच्या घरामागे बांध आहे आणि बांधापलीकडे खारफुटी. रात्री जेवणे आटोपून आई मागल्या दारी भांडी घासायला बसली, की खारफुटीतून कोल्हे ओरडू लागतात. आधी एक, मग दुसऱ्या अंगाने दोन, मग सगळेच. आम्हांला त्याचे काही वाटत नाही. कौलांखाली धामण आहे, ती उंदरांच्या मागावर फिरते. न्हाणीत बेडूक, पडवीच्या आढ्याला वटवाघळे, परसातल्या शेवग्यावर भारद्वाज, उघाडीजवळच्या चिखलात निवट्या. हे सारे मी कळू लागल्यापासून पाहत आले; पण ह्यांत पाहण्यासारखे काही आहे असे एकोणीस वर्षांत कधी मनात आले नाही. काही हाकलायचे, काही ठेचायचे, काही कालवणात घालायचे, अशी आमच्या घरातली साधी वाटणी.

वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आण, असे मराठीच्या बाईंनी सांगितले तेव्हा मी ग्रंथालयात गेले. टिळक, आगरकर, सावित्रीबाई माझ्या आधी इतरांनी घेऊन टाकले होते. वर्गात माझा हात नेहमी उशिराच वर जातो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कशासाठी कधी हात वर करायचा हे सांगणारे घरी कोणी नाही. ग्रंथपालांनी इंग्रजी कपाटाच्या तळातून दोन जुनी पुस्तके काढून दिली. त्यांतल्या एकावर लेखकाचे पूर्ण नाव नव्हतेच, नुसती ई. एच. ए. ही तीन अक्षरे. उघडून पाहते तो उंदीर, पाली, कावळे, मुंग्या, बेडूक, वटवाघळे, वाळवी! प्रत्येकावर एकेक प्रकरण. दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी लेखकाचे छोटे चरित्र होते, आणि त्यांनी जिथे जिथे नोकरी केली त्या गावांच्या नावांत उरण होते. आमचे उरण. मग दुसरी थोर व्यक्ती शोधण्याचे कारणच राहिले नाही. दिवाळीची सुटी मी ह्या दोन पुस्तकांच्या आणि शब्दकोशाच्या सोबतीने काढली.

गृहस्थांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. त्या तीन आद्याक्षरांचा एकत्र उच्चार करून वाचक त्यांना एहा म्हणत. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, असे बाईंनी सांगितले. साहेबांना ते कळले असते तर नक्कीच गंमत वाटली असती.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्याचा. तीनच वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले होते. वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. साहेबांची मुले लहानपणीच विलायतेला शिकायला धाडण्याची तेव्हा रीत होती. पण एडवर्डचे शिक्षण इथेच, मुंबई-पुण्याला झाले. बी. ए. आणि एम. ए. ह्या पदव्या त्यांनी मुंबई विद्यापीठाच्याच मिळवल्या. म्हणजे आमच्या कॉलेजच्या निकालपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव छापलेले असते त्याचेच ते विद्यार्थी. १८७० पासून १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते लॅटिनचे रीडर होते. मी हिशेब केला, तर शिकवू लागले तेव्हा ते माझ्याच वयाचे! मी अजून वर्गात शेवटच्या बाकावर बसते. १८८० साली एका कवितेसाठी विद्यापीठाचे होमजी कर्सेटजी पारितोषिकही त्यांना मिळाले.

परंतु कॉलेजातली ही नोकरी सोडून एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात गेले. इथे मला थोडे थांबले पाहिजे, कारण ह्या खात्याचा एक पितळी बिल्ला आमच्या घरी आजीच्या पेटीत आहे. तो तिच्या आजोबांचा. ते मीठ खात्यात शिपाई होते. आमच्या बाकीच्या घराण्याने मीठागरांत राबून मीठ पिकवले, आणि ह्या एकाने कमरेला पट्टा बांधून त्या मिठावर पहारा केला. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, वाफ्यांत अडवून उन्हाला द्यायचे, खाली मीठ धरले की फावड्याने ओढून राशी करायच्या, हे काम उन्हाळा संपेपर्यंत चालते. तळपाय फुटतात. आणि ज्याने मीठ काढले त्यानेही कर भरल्यावाचून त्यातले मूठभर उचलायचे नाही, असा तेव्हाचा कायदा. १८८८ साली हा कर मणाला अडीच रुपये होता. तो पुरता उठला १९४७ मध्ये. हा कर गोळा करणाऱ्या खात्याचे एटकिन अधिकारी, हे विसरून त्यांचे चरित्र लिहिणे मला जमणार नाही.

खाराघोडा, उरण, उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, मुंबई अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. ह्यांतले खाराघोडा गुजरातेत कच्छच्या छोट्या रणाच्या काठी. जमिनीतले खारे पाणी विहिरींतून काढून तिथे मीठ पिकवतात. झाडझुडूप बेताचे, करमणूक काही नाही, आणि चोहीकडे धूळ. आपल्या पुस्तकात एटकिनांनी त्या गावाचे नावच डस्टीपूर ठेवले. आपण त्याला धूळपूर म्हणू. दुसरा एखादा अधिकारी तिथे कंटाळून दारूच्या नादी लागला असता, नाहीतर बंदूक घेऊन हरणांमागे गेला असता. त्या काळच्या साहेबांना वन्य प्राणी म्हणजे वाघ, बिबळ्या, रानडुक्कर. मारल्यावर पाय ठेवून ज्याच्याबरोबर छायाचित्र काढता येते तो. एटकिन आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि दिव्याभोवती येणारे किडे, त्या किड्यांसाठी येणाऱ्या पाली, न्याहारीवर डोळा ठेवून बसलेले कावळे न्याहाळू लागले.

त्यातून १८८३ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ, माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या. ह्या नावातला विनोद मला इतिहासाच्या सरांनी उलगडून दिला. १८७८ ते १८८० ह्या काळात इंग्रजांचे अफगाणिस्तानात युद्ध झाले होते आणि वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांचे काय करावे ह्यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरत होते. एटकिन म्हणतात की सरकारला जशी सरहद्द तशी मलाही आहे, ती माझ्या कुंपणापाशी सुरू होते, आणि तिच्यावरच्या टोळ्या म्हणजे उंदीर, मुंग्या, डास, वाळवी. त्यांच्याशी कधी तह, कधी लढाई, कधी नुसती डोळेझाक! सगळे पुस्तक ह्याच थाटात चालते. इंग्रजी अवघड आहे, लॅटिन म्हणी मध्येच येतात, आणि दोन पानांत वीस वेळा शब्दकोश पाहावा लागतो. तरी न्हाणीतल्या बेडकांबद्दल वाचताना मी रात्री एकटीच हसत होते आणि दादाने दिवा बंद करायला लावला.

मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या प्रकरणाने मात्र मला अडचणीत टाकले. आमच्या देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर दरवर्षी कुंभारीण मातीचे घर करते. पिवळी-काळी, कमरेला बारीक माशी. चिखलाची इवलीशी गोळी तोंडात धरून येते आणि भिंतीला लिंपते. आजी ते घर मोडू देत नाही. तिच्या लहानपणी कीर्तनात बुवांनी सांगितलेले तिला पक्के ठाऊक आहे, की भिंगुरटी अळीला आणून घरात कोंडते, अळी भीतीने रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते आणि ध्यास घेता घेता स्वतःच भिंगुरटी होऊन बाहेर पडते. देवाचा ध्यास घेणाऱ्या माणसाचेही तसेच होते. संस्कृतात ह्याला कीटकभृंगन्याय म्हणतात. आमची आजी शाळेत गेलेली नाही, पण हा न्याय तिला पाठ आहे, आणि माझ्या शिक्षणाबद्दलही ती हेच बोलते. पुस्तकांचा ध्यास घेतलास तर तूही त्यांच्यासारखी होशील, असे.

आजी शेजारी गेली असता मी स्टुलावर चढून सुईने एक घर उकरले. आत सहा हिरव्या अळ्या दाटीने भरलेल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या; टोचले की अगदी मंद हालत. त्यांच्यावर एक पांढरे, डोळे नसलेले पिलू होते आणि ते त्यांतली एक खात होते. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, मारून टाकत नाही, कारण मेली तर सडेल. घरात आधी अंडे घालते, मग अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. बाहेर पडते ती तिचीच लेक, आयता शिधा खाऊन मोठी झालेली. मला स्टुलावरून खाली उतरवेना.

दोन दिवस मी आजीला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवले नाही म्हणून सांगितले, आणि उकरलेले घरही दाखवले. ती बराच वेळ जवळ जाऊन पाहत राहिली. मोतीबिंदूमुळे तिला किती दिसले कोण जाणे. मग तिने इतकेच विचारले, की आई पिलांना खाऊ ठेवून गेली ती परत त्यांना पाहायला येते का. मी नाही म्हणाले. आजीला कुंभारणीचेच वाईट वाटले. कीर्तनातल्या गोष्टीबद्दल ती त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. माझे चुकले की बरोबर होते, ह्याचा निकाल माझ्याकडून अजून लागलेला नाही.

असो. चरित्राकडे वळते.

१८८३ हे एटकिनांच्या आयुष्यातले मोठे वर्ष. पुस्तक निघाले, लग्न झाले, आणि १५ सप्टेंबरला मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये आठ गृहस्थ एकत्र जमून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. हे म्युझियम म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आठांपैकी दोघे आपले होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. एटकिन सोसायटीचे पहिले मानद चिटणीस झाले. मार्च १८८६ मध्ये ते काम त्यांनी फिप्सन ह्यांच्याकडे सोपवले. फिप्सन दारूचे व्यापारी, आणि फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातलीच काही जागा त्यांनी सोसायटीला दिली. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले, त्याच्या पहिल्या दोन संपादकांत स्टर्नडेल ह्यांच्याबरोबर एटकिनही होते. ते नियतकालिक आजही निघते.

आता ज्या पुस्तकामुळे माझे आणि साहेबांचे बिनसले त्याविषयी. १८८९ मध्ये त्यांनी बंगल्याच्या मागल्या बाजूवर पुस्तक लिहिले. बंगल्यामागे राहतात ते नोकर. बॉय, बटलर, घोडेवाला, हमाल, धोबी, आया, माळी, भिस्ती आणि पट्टेवाले, सगळे त्यात आहेत. पहिल्या पुस्तकात ज्या नजरेने पाल आणि कावळा पाहिला त्याच नजरेने इथे माणसे पाहिली आहेत. निरीक्षण तेच, थट्टाही तीच. थट्टेत द्वेष नाही हे मला दिसते. पुष्कळ ठिकाणी मायाही आहे. तरी पट्टेवाल्यांवरचे वाचताना पेटीतला तो बिल्ला सारखा डोळ्यांपुढे येत राहिला, आणि मी पुस्तक मिटले. आजीच्या आजोबांनी अशाच एखाद्या बंगल्याच्या पायरीवर बसून दिवस काढले असतील, आणि आत साहेब त्यांच्या चालण्या-बोलण्याची नोंद करीत असेल. पालीला काय, तिच्यावर लिहिलेले वाचता येत नाही. मला येते. चार पिढ्यांनी का होईना, त्या पायरीवरून कोणीतरी उठून आत गेले आणि टेबलावरचे कागद वाचू लागले. साहेबांनी एवढे गृहीत धरले नव्हते.

बाईंना मी हे सांगितले आणि दुसरी व्यक्ती घेऊ का असे विचारले. पुढचे वाचून मग ठरव, असे त्या म्हणाल्या.

पुढे कारवार. घाटाखालच्या त्या दाट रानात एटकिनांना जणू घबाडच मिळाले. डेव्हिडसन आणि बेल हे दोघे अधिकारी मित्र तिथे होते. तिघांनी मिळून फुलपाखरांचा असा अभ्यास केला की आजही त्याचा आधार घेतात. जाळे घेऊन फुलपाखरे पकडणारे पुष्कळ होते. ह्या तिघांनी अळ्या गोळा करून घरी वाढवल्या, कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, कोशात कशी जाते, त्यातून कोणते फुलपाखरू निघते ह्याच्या नोंदी केल्या. आंब्याची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांवरही एटकिनांनी लिहिले. ह्या मुंग्यांचा चावा ज्याने आंबे उतरवताना खाल्ला आहे त्याला हे काम किती सोशीकपणाचे असेल ते समजेल! कारवारच्या दिवसांतूनच १८९४ चे त्यांचे रानावनातल्या भटकंतीचे पुस्तक आले. १८९८ मध्ये पंचेंद्रियांवर एक आणि १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर एक अशी आणखी दोन पुस्तके झाली. त्यांतले दुसरे कावळा-चिमणीपासून घारीपर्यंत कोणालाही उपयोगी पडेल असे आहे.

आणि मग १९०२ साल. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. तिथून इकडे चोरून येणारे मीठ आणि इतर माल अडवायला सरहद्दीवर सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत जकातीची नाकी होती, आणि त्या नाक्यांवर मीठ खात्याचे शिपाई. तिथे हिवतापाचा कहर होता. डासांमुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस ह्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेला दाखवून दिले होते, त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती. सरकारने एटकिनांना त्या नाक्यांवर पाठवले. कुठे किती हिवताप आहे ते पाहावे, आणि शिपायांना अशा जागांतून हलवण्याचा काही मार्ग सुचवावा, हे काम. पन्नाशी उलटलेला हा अधिकारी त्या रानांतून फिरला आणि डास गोळा करीत गेला. ज्या डासांवर वीस वर्षांपूर्वी त्याने विनोदी प्रकरण लिहिले होते, तेच आता शिपायांचे जीव घेत होते. त्या शोधात डासाची एक नवी जात सापडली. तिला एटकिनांचेच नाव मिळाले, अॅनाफिलिस एटकिनी. मोठ्या माणसांच्या नावाने पुतळे असतात, रस्ते असतात. ह्यांच्या नावाने डास आहे.

आजीचे आजोबा दक्षिणेकडच्या सरहद्दीवर बदलून गेले होते आणि तिथून थंडी-ताप घेऊन घरी आले, ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. तिचे वडील तेव्हा रांगत होते. आमच्या घरात ह्याला हिवाने गेला एवढेच म्हणतात. कोणते नाके, कोणते साल, हे सांगणारे आता कोणी नाही, आणि एटकिनसाहेबांची व त्यांची गाठ पडली असेही मी म्हणत नाही. पण ज्या माणसाने पट्टेवाल्यांची थट्टा केली तोच म्हातारपणाच्या उंबरठ्यावर त्यांच्या नाक्यांवर जाऊन, ते कशाने मरतात हे डबकी तपासून पाहत होता, हे वाचल्यावर मी बाईंना जाऊन सांगितले की व्यक्ती बदलत नाही.

शेवटची वर्षे सिंधमध्ये गेली. मे १९०३ मध्ये ते कराचीला जकात व मीठ खात्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९०५ पासून सिंध प्रांताचे गॅझेटिअर तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९०६ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९०७ मध्ये तो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात विनोदाला वाव कुठला असणार! निवृत्तीनंतर ते एडिंबरोला राहिले. वडिलांचा देश खरा, पण साताऱ्यात जन्मलेल्या आणि सारे आयुष्य इथल्या उन्हात काढलेल्या माणसाला तिथली थंडी कशी मानवली असेल असे मला वाटत राहते. तिथेच एप्रिल १९०९ मध्ये ते वारले. पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली मागे राहिल्या. इकडेतिकडे विखुरलेल्या त्यांच्या लेखांचे पुस्तक १९१४ मध्ये निघाले, आणि त्यालाच सर्जन-जनरल बॅनरमन ह्यांनी ते छोटे चरित्र जोडले, ज्यात मला उरणचे नाव दिसले.

आमच्याकडची बहुतेक मीठागरे आता राहिली नाहीत. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, त्यामागून रस्ते आले, कंटेनरची आवारे आली. बाबा अशाच एका आवारात रात्रपाळी करतात. ह्या वर्षी बांधापलीकडेही भराव पडू लागला आहे. मी दिवाळीपासून एक वही केली आहे आणि रोज रात्री कोल्ह्यांचे किती वेगवेगळे आवाज ऐकू येतात ते तीत लिहिते. दिवाळीत पाच होते. आजीला मोजता येत नाही, पण कान तिखट आहेत; अंधारात खाटेवर पडल्या पडल्या ती बोट दाखवून कोणता कुठून ओरडला ते सांगते आणि मी लिहून घेते. कुंभारणीने देव्हाऱ्यावर नवे घर केले आहे. ते मी उकरलेले नाही.